मागचा माणूस

मोहदरा नाका, ता. राळेगाव, जि. यवतमाळ
१५ मे २०२५

राखीताई यांस नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर तुम्ही ओळखलं असेलच. गेल्या तीन वर्षांत याच अक्षरातली एकवीस पत्रं तुमच्या नाशिकच्या पत्त्यावर आली. सांगायचे तुमचे वडील, लिहायची मी. हे बाविसावं तेवढं माझं स्वतःचं आहे.

मी दिपाली गावंडे, मोहदरा बीटची वनरक्षक. बाबूकाका, म्हणजे तुमचे वडील बाबूसिंग, माझ्यासोबत वनमजूर होते. तुमचा जुना फोन नंबर बंद आहे. तुमचे काका हिरासिंगभाऊ यांनी हॉस्पिटलच्या नंबरवर लावून पाहिला, तिथल्या कोण्या बाईंनी निरोप घेतला म्हणे. तो तुम्हाला मिळाला की नाही कळायला मार्ग नाही, म्हणून लिहिते.

रविवारी ११ तारखेला सकाळी पावणेआठच्या सुमारास आम्ही पाणवठ्याकडे जात असताना वाघिणीने हल्ला केला. त्यात बाबूकाका गेले. जागीच गेले, त्रास झाला नाही. दुसऱ्या दिवशी बुद्ध पौर्णिमेची प्राणीगणना होती, त्यासाठी पाणवठ्यावरचं मचाण पाहायला आम्ही चाललो होतो. वाघिणीला दोन पिल्लं आहेत. ती पाठीमागून आली. मी काठीने तिला हाकललं, पण उशीर झाला होता.

टीव्हीवर तुम्ही पाहिलं असेल. पाहिलं नसेल तर पाहू नका.

अग्नी हिरासिंगभाऊंनी दिला. कार्यालयाकडून हार आला होता, साहेब लोक आले होते, अख्खा तांडा होता. तुमच्या आई जमनीकाकू बोलत नाहीत, जेवतात थोडं. तेरवी २३ तारखेला आहे.

सहा वर्षांपूर्वी ते यवतमाळला तुमच्या नर्सिंगच्या होस्टेलवर पिऊन आले आणि सगळ्या मुलींसमोर फाटकात पडले, हे मला माहीत आहे. त्यांनीच सांगितलं. 'तुम्ही मेलात तरी मी येणार नाही,' असं तुम्ही त्यांना म्हणालात तेही सांगितलं, आणि वर म्हणाले, 'बोलली ते बराबर बोलली.' असेलही बरोबर. तरी आईसाठी या.

त्यांच्या खिशात फुटाणे निघाले. दारू सोडल्यापासून तलफ आली की ते फुटाणे खायचे, असं सातव्या की आठव्या पत्रात मी लिहिलं होतं. तुम्ही ती पत्रं उघडली का, मला माहीत नाही.

आपली,
दिपाली गावंडे


मोहदरा
२ जून

राखीताई,

तुम्ही आल्या नाही. तेरवी झाली.

मागचं पत्र मी शाळेतल्या मराठीत लिवलं. काकाचे पत्र लिवताना ते मले टोकत, 'म्याडम, हे मी कुठं बोललो? असं तर तहसीलदार बोलते.' मंग मले ते खोडून त्याइच्या बोलीत लिवा लागे. म्हणून आता जशी बोलते तशीच लिवते. मी दारव्ह्याची, किसनराव गावंड्याची पोरगी. घरी कापूस, तूर, सोयाबीन. तोंडाची फटकळ म्हणून साऱ्या सोयऱ्यात बदनाम हाय.

इथं जत्रा भरली हाय. नाक्यासमोर रोज एक-दोन गाड्या उभ्या. टीव्हीत जे दाखवून राह्यले ते अकरा सेकंदाचं हाय. मी ओरडून राह्यली, काठी आपटून राह्यली, वाघीण रायमुनियाच्या झुडपात चालली गेली. बस. तेवढं साऱ्या महाराष्ट्रानं पाह्यलं आणि मले नाव देऊन टाकलं, मोहदऱ्याची रणरागिणी. माह्या मायनं गल्लीत पेढे वाटले. बाप गेला कोणाचा आणि पेढे वाटले कोणाच्या घरी. मी मायले फोनवर लय बोलली.

एक बाई नागपूरवरून आलती. मले म्हणे, वर्दीले इस्त्री करा, केस नीट बांधा, आणि त्या झुडपावर काठी मारून दाखवा. मी मारली. कायले मारली ते मले इचारू नका. मंग म्हणे, वाघीण समोर आली तेव्हा तुमच्या मनात काय भावना होती? मी म्हटलं, मॅडम, मले उभ्या उभ्या लघवी झालती. ते तिनं दाखवलं नाही.

काकाचं नाव कोणी घेत नाही. 'सोबतचा एक मजूर मृत्युमुखी पडला', एवढंच. तो मजूर नसता तर रणरागिणी पयल्याच महिन्यात मेली असती. पाच वर्षांआधी मी नवी आली तेव्हा मले वानराचं साधं ओरडणं आणि वाघ पाहून ओरडणं एकच वाटे. कोणत्या नाल्यात कोणत्या वेळी उतराचं नाही, पिल्लंवाली वाघीण असली तर किती लांबून वळसा घ्यायचा, सारं त्याइनं शिकवलं. लोकाइले वाटते आमच्यापाशी बंदूक असते. एक काठी असते, एक शिट्टी, आणि एक मोबाईल, ज्याले नाल्यापलीकडं रेंज नाही. त्याच्यावर रोजची बारा-चौदा किलोमीटर पायदळ गस्त.

म्हणून त्याइचा एक कायदा होता. 'म्याडम, पुढचा माणूस वाट पाह्यते, मागचा माणूस वाघ पाह्यते.' वाघ तोंडावर येत नाही, पाठीकून येते. तर मागच्यानं दर वीस पावलांवर वळून पाहाचं आणि काठी दोनदा जमिनीवर ठोकाची. टक टक. म्हंजे पुढच्याले न वळता समजते का मागचा जागा हाय. पाच वर्षं मी ते टक टक ऐकत चालली. कधी उशीर झाला तर माहे पाय आपोआप थांबत. मागं नेहमी तेच राह्यत. मी म्हणो, काका, आज मी राह्यते मागं. तर म्हणत, 'तुले पोट्टे व्हायचे हायेत अजून. मी झालो जुना.'

त्या दिवशी टक टक झाली नाही. काहून झाली नाही, मले माहीत नाही.

अजून एक. त्या व्हिडिओत खाली पाल्यात एक क्वार्टरची शिशी पडलेली दिसते. लोकाइनं फोनवर मोठं करकरून पाह्यलं आणि ठरवून टाकलं का मजूर पेलेला होता. त्या शिशीत करंजाचं तेल होतं. उन्हाळ्यात जंगलात गोचीड लागते, म्हणून निंघाच्या आधी आम्ही दोघंही पायाले ते चोपडतो. शिशी दारूची, तेल करंजाचं. एवढी सोय कोणी पाह्यत नाही, शिशीच पाह्यतेत. तुमच्या कानावर काही आलं तर हे ध्यानात ठेवजा.

काकू आता बोलते थोडं. तुमचं नाव घेत नाही.

दिपाली


मोहदरा
२१ जून

राखीताई,

तुमचं पत्र पोहोचलं. इतक्या वर्षांत तुमच्याकडून आलेली ही पहिली ओळ, आणि ती एकच: 'बापू त्या दिवशी प्यायले होते का, तेवढं खरं कळवा, म्हणजे घरी यायचं की नाही ते मी ठरवीन.'

घटनेची विभागीय चौकशी सुरू आहे. ती पूर्ण होईपर्यंत मला लेखी काही कळवता येत नाही. अहवाल आल्यावर तुम्हाला वारस म्हणून त्याची प्रत मागता येईल.

जमनीकाकूंची तब्येत बरी आहे. गुडघे दुखतात.

२९ जुलैला व्याघ्र दिनाच्या कार्यक्रमात मला शौर्यपदक जाहीर झालं आहे. पेपरात येईलच, त्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं.

कळावे,
दिपाली गावंडे
वनरक्षक


मोहदरा
१० जुलै

राखीताई,

मागच्या पत्रात मी पळाली. तुम्ही एका ओळीत इचारलं आणि मी तुमाले सरकारी कागद धाडला.

उत्तर हे हाय. नाही. पेले नव्हते. एक थेंब नाही. त्या सकाळी आम्ही नाक्यावर सोबत चहा पेलो. त्याइच्या तोंडाले चहाचा आणि फुटाण्याचा वास होता.

आता पुढचंही वाचा. माह्या सहीचा एक कागद हाय. त्यात लिवलं हाय का मजूर बाबूसिंग हा दारूच्या अंमलाखाली असल्याचे जाणवले, वारंवार सूचना देऊनही तो मागे रेंगाळला. तारीख १३ मे. म्हंजे तुमाले पयलं पत्र लिवलं त्याच्या दोन दिवस आधी ती सही होऊन गेलती. सही करून बसली होती आणि तुमाले फुटाण्याचं सांगून राह्यलती. अशी मी रणरागिणी.

झालं असं का टीव्हीवाल्याइले आत न्यायले आमच्या वनक्षेत्रपाल साहेबानं मले तोंडी सांगतलं होतं. 'गणनेची बातमी झकास आली पाह्यजे दिपाली, त्याइले मस्त फिरवून आण.' ती वाट पिल्लंवाल्या वाघिणीमुळं पंधरा दिवसांपासून बंद होती, हे साहेबालेही माहीत आणि मलेही. मी कागद मागितला नाही. टीव्हीत येऊन राह्यलो म्हणून मीही आतून खुश होती, खोटं कायले बोलू. काका गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब म्हणे, 'मी कुठं सांगतलं? दाखव कागद.' तिसऱ्या दिवशी आवाज नरम करून म्हणे, 'पाह्य, शिशी तर साऱ्याइनं पाह्यली. मेलेल्या माणसाचं काय जाते? तू जित्ती हायेस, तुह्यी नोकरी हाय.' मी साहेबाचाच पेन मागून सही केली.

मेलेल्या माणसाचं काय जाते ते मले परवा तुमच्या आईनं सांगतलं.

काकू नाक्यावर आलती, तांड्यापासून चालत, त्या गुडघ्यांनं. मले वाटलं शिव्या देईन. ती पायरीवर बसली. म्हणे, तीन वर्षांआधी आखाजीच्या दिवशी सेवालाल महाराजाच्या झेंड्यापुढं त्याइनं दारू सोडली, त्याइचं पाहून तांड्यातल्या चौघाइनं सोडली. चौकशीचा अहवाल पेपरात आला तसा नेमसिंग म्हणे, 'बाबूच चोरून पेत होता, मंग आपण कायले मन मारायचं?' चौघंही परत पेऊन राह्यले. नेमसिंगची बायको डोक्याले पट्टी बांधून काकूच्या दारात आली, म्हणे, तुह्या नवऱ्यानं महाराजाच्या झेंड्याले खोटं पाडलं आणि आमची घरं बुडवली. काकूले पाण्यावर बाया बोलत नाहीत. हे सारं सांगून मले म्हणे, 'छोरी, तू तर संग होतीस. तू सांग ना त्याइले. तुह्यं तर टीव्हीवाले ऐकतेत.'

मी काकूले पाणी देलं. बाकी काही देलं नाही. ती उन्हातून परत गेली.

आता टक टक. मले माहीत नाही असं लिवलं होतं. माहीत हाय.

पाणवठ्याच्या वाटेवर तो टीव्हीवाला अमर म्हणे, तुम्ही दोघं समोरून चालत येता असा एक शॉट पाह्यजे. त्याचा कॅमेरावाला कपिल आमच्याकडं तोंड करून उलटा चाले, आणि अमर पाठीमागून त्याचा पट्टा धरून त्याले वाट दाखवे. मंग मी, माह्या मागं काका. वीस पावलं झाली, काका वळले, काठी ठोकली. अमर म्हणे, कट. पाठ दिसते, आवाज येते, शॉट तुटते. परत पयल्यापासून. परत वीस पावलं झाली, काका परत वळले. अमर वैतागला. काका त्याले म्हणे, 'भाऊ, हे काम हाय. फोटोसाठी काम सोडता येत नाही.' अमरनं माह्याकडं पाह्यलं. ऊन चढून राह्यलं होतं, मलेही घाई होती. मी म्हटलं, काका, दोन मिनिटाचा तर सवाल हाय. नका वळू, नका ठोकू.

टीव्हीवाल्याचं त्याइनं ऐकलं नव्हतं. माहं ऐकलं. मी त्याइची म्याडम होती.

कॅमेऱ्यात माणसाचं तोंड साफ दिसते आणि मागचं सारं धुरकट राह्यते म्हणे. कपिल मले नंतर सांगे, रायमुनियातून काहीतरी हाललं ते त्याले दिसलं होतं, त्याले वाटलं काचेवर धूळ बसली. पिल्लं त्या झुडपात होती. तिनं आम्हाले पुढं जाऊ देलं आणि शेवटच्याले धरलं. तिचा काही दोष नाही. पिल्लाच्या दारातून चार-चार माणसं गोंगाट करत चालल्यावर कोणती माय गप्प बसन. मी ओरडली तशी सोडून गेली, पण मान धरली होती.

जागीच गेले, हेही खोटं. जीपपर्यंत होते, वीस-पंचवीस मिनिटं. डोकं माह्या मांडीवर होतं. 'लागलं का तुले?' एवढं इचारलं.

यायचं का नाही ते तुम्ही ठरवणार होत्या. उत्तर उशिरा आलं त्याचा राग माह्यावर काढा, त्याइच्यावर नका काढू.

दिपाली


मोहदरा
२७ जुलै

राखीताई,

हे रजिस्टरनं धाडून राह्यली, म्हंजे तुमच्याच हातात पडन.

शुक्रवारी मी विभागीय कार्यालयात जाऊन नवा जबाब देला. हातानं लिवलेला, चार पानं. दारूचं खोटं हाय, शिशीत करंजाचं तेल होतं, बंद वाटेनं टीव्हीवाल्याइले मी नेलं, मागं पाहू नका हे मी सांगतलं. साहेबानं तोंडी काय सांगतलं तेही लिवलं. ते तो कबूल करणार नाही आणि माह्यापाशी कागद नाही, तर ते बहुतेक माह्याच अंगावर येईन. साहेब वऱ्हांड्यात गाठून म्हणे, 'मंगळवारी पदक हाय ना बाई. चार दिवस थांबली असती.' चार दिवस थांबली असती तर मी कधीच देला नसता, हे मले माहीत होतं. निलंबनाचा कागद शनिवारीच आला. अशा वेळी कागद लवकर निंघते.

अमरचा फोन आला. म्हणे, मॅडम, ही तर आधीपेक्षा मोठी स्टोरी हाय, नाक्यावर येतो, तुमचा समोरून चालत येतानाचा एक शॉट लागन. मी फोन ठेवला.

तांड्यात गेली. मंदिरापुढं नाईक पूनमसिंगभाऊ होते, नेमसिंग होता, बाया होत्या. मी जबाबाची झेरॉक्स मोठ्यानं वाचली. चारही पानं वाचली. नेमसिंग उठून चालला गेला, घरी गेला का गुत्त्यावर, माहीत नाही. त्याची बायको काकूजवळ जाऊन बसली. काकू उठून माह्यासमोर आली. मंग म्हणे, 'सांगतलं ते चांगलं केलं. आता इथं येऊ नको.' बोलली ते बराबर बोलली.

बीट दाखवून द्याले आज सकाळी नव्या वनरक्षक पोरीसंग शेवटची गस्त केली. प्रेरणा नाव हाय, ढाणकीची. मी मागं चालली. पयल्यांदा त्या जागेवर राह्यली मी. वीस पावलं, वळाचं, पाहाचं, टक टक. मागं पाह्यलं का दर वेळी नुसती मोकळी वाट दिसते, आणि तरी पुढच्या वीस पावलांची हिंमत होत नाही. पाच वर्षं ते हे माह्यासाठी करत होते आणि मी पुढं गाणे म्हणत चालत होती. प्रेरणानं इचारलं, ताई, काठी काहून ठोकता? मी तिले कायदा सांगतला, आणि कोणाचा ते नाव सांगतलं.

आता पाकिटातलं. कपिलनं मले त्या शेवटच्या शॉटचा सारा व्हिडिओ देला, कापाच्या आधीचा. त्याच्यापाशी होता आणि तो दोन महिने झोपला नाही म्हणे. एक कॉपी मी जबाबासंग लावली. तुमच्या पेनड्राइव्हमध्ये पयले चाळीस सेकंदच हायेत, पुढचं मी त्याले कापायले लावलं. बिनधास्त पाहा, त्यात वाईट काही नाही. काका चालत येतेत तेवढंच हाय, आणि माहा आवाज.

त्या आवाजात मी काय म्हणते ते मागच्या पत्रात मी अर्धंच लिवलं. दोन मिनिटाचा सवाल हाय म्हटल्यावरही काका मानत नव्हते. मान हालवून राह्यले होते. तेव्हा मी म्हटलं, 'काका, राखीताई पाह्यतीन. सीधे चाला.' तुमचं नाव घेतल्यावर त्याइनं मान सीधी केली आणि मंग वळले नाही.

हे तुमाले सांगावं का नाही, आठ दिवस माहं ठरत नव्हतं. नसतं सांगतलं तर तुमाले झोप लागली असती. पण पेनड्राइव्हमध्ये तुम्ही ऐकसालच, आणि ऐकून स्वतःले दोष देसाल. नका देऊ. नाव तुमचं होतं, वापरलं मी. कुठं लागते ते मले माहीत होतं, एकवीस पत्र माह्याच हातानं लिवले होते.

आणि पयल्या पत्राच्या पयल्याच ओळींत मी खोटं बोलली. माहं पत्र बाविसावं नव्हतं. बाविसावं काकानं मेच्या १० तारखेला, ते गेले त्याच्या आदल्या दुपारी, नाक्याच्या पायरीवर बसून मले सांगतलं. गणना झाली का पोस्टात टाकणार होती. मंग सही झाली, आणि हे पत्र तुमच्यापाशी गेलं असतं तर माही सही खोटी पडली असती. म्हणून पेटीत वर्दीखाली दाबून ठेवलं. अडीच महिने त्याच्यावर वर्दी ठेवत होती आणि काढत होती. ते हे.

दिपाली


१० मे २०२५

छोरी राखी,

तुह्या बापूचा राम राम.

आखाजीले तीन वर्ष झाले. महाराजाच्या झेंड्यापुढं नारळ फोडला. फुटाणे खाऊन खाऊन दात हालून राह्यले, म्याडम हासते मले. हे लिवा म्हटलं म्याडमले, तर लिवून राह्यली.

तुह्या याडीचे गुडघे लय दुखते. तू नर्स हायेस, गोळीचं नाव लिवून धाड. बाकी काही लिवू नको, राग असन तर राहू दे. गोळीचं नाव लिव फक्त.

उद्या टीव्हीवाले येऊन राह्यले. म्याडम म्हणते नाशिकलेही दिसन. मले काही बोलाचं नाही, नुसतं चालाचं हाय. होस्टेलच्या फाटकात तू मले पडलेला पाह्यला आणि त्याच्या बाद पाह्यलंच नाही. तर उद्या पाह्यजो. नवी चप्पल घालतो. मी सीधा चालतो आता.

तुहा बापू,
बाबूसिंग